बाबांचं ताट वेगळं वाढायचं नाही

प्रिय आई, बाबा,

उद्या पोळ्यावाल्या ताई आल्या अन् त्यांनी कणकेऐवजी ज्वारीच्या पिठाचा डबा मागितला तर दचकू नका, मीच त्यांच्याशी बोलली आहे. दळणाचं पण गिरणीवाल्या काकांना सांगून ठेवलंय, त्यांचा मुलगा घरी आणून देईल, बाबा तुम्ही उगाच गाडी काढून जाऊ नका. किराण्याची यादी पण बदललीय, मैदा अन् साबुदाणा बंद, बरबटी, मटकी, काळे चणे, मुगाची डाळ जास्त. बाबांचा शुगरचा रिपोर्ट आला म्हणून हे सगळं तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर बाबा "हो हो, पाहू" म्हणाले असते अन् आई तू म्हणाली असतीस की एवढा सण होऊन जाऊ दे, अन् आपल्याकडे सण संपतात कधी, पोळा झाला की महालक्ष्म्या, मग नवरात्र, मग दिवाळी. म्हणून आधी ठरवलं अन् आता सांगून राहिली आहे. दादाशी पण बोलणं झालंय, तो हेच म्हणतो, तेव्हा त्याला फोन करून उपयोग नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात की आदल्या दिवशी लग्नात जेवलो होतो म्हणून रिपोर्ट तसा आला. उपाशीपोटी १६८ अन् जेवणानंतर २५४, हे आकडे एखाद्या दिवशी थोडे इकडेतिकडे होतात, मान्य. पण एचबीए१सी ८.२ आहे, अन् तो एका दिवसाच्या जेवणाने बदलत नाही. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांत सरासरी साखर किती होती ते त्यात दिसतं. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबेटीस. त्यामुळे लग्नातल्या जिलेबीवर ढकलू नका ना प्लीज.

अन् आई, तू परवा फोनवर जे म्हणालीस की मीच खाऊ घालून घालून यांना आजारी पाडलं, ते परत म्हणायचं नाही. आजोबांना शुगर होती, मोठ्याबाबांना होती, हे रक्तात आलंय. टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अन् मग हळूहळू स्वादुपिंडही थकतं, त्यात वय, पोटावरची चरबी, रिटायर झाल्यापासूनचं बसणं, सगळं मिळून होतं. तुझ्या हातच्या पुरणाने नाही झालं. त्याच हाताने हे खाली पण येणार आहे, औषध देणारे डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात, तू रोज दोनदा वाढतेस.

मोठ्याबाबांच्या पायाचं मी इथे काही लिहीत नाही, तुम्हा दोघांना सगळं आठवतं. तेव्हा त्यांना कुणी बोललं नाही, मोठे होते म्हणून. मी बोलणार आहे बाबा, रागावलात तरी चालेल.

पण घाबरवायला नाही लिहून राहिली. उलट मी जे वाचलं त्याने मला खरंच धीर आला. तुम्ही नेहमी म्हणता ना, एकदा शुगर लागली की लागली, मग काय खायचं अन् काय सोडायचं. तसं नाहीये. २०१७ मध्ये ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा एक अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. टाइप टू होऊन सहा वर्षांच्या आत असलेले लोक घेतले, काही महिने साधारण ८५० कॅलरीच्या सूप-शेकवर ठेवले, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले. वर्षभरानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय डायबेटीसच्या रेषेखाली होती, अन् ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. तुम्ही ते सूप-बिप करायचं नाही हां, ते सगळं देखरेखीखाली होतं अन् त्यात ६५ पर्यंतचे लोक होते, तुम्ही ६७ चे. मला एवढंच म्हणायचंय की सुरुवातीच्या वर्षांत वजन उतरलं तर फरक पडतो. तुमचं ८२ आहे, पाच किलो जरी सावकाश उतरले तरी साखरेला फायदा होतो. अन् आपल्याला तर सुरुवातीलाच कळलंय.

आता ताटाचं. भात बंद नाही, ऐकलं का, बंद नाही. फक्त मोजून एक वाटी, डोंगर करून मधोमध वरणाचं तळं करायचं नाही. वरणावर तूप राहील, एक छोटा चमचा. भाकर दुपारी एक, रात्री एक, ज्वारीची आहे म्हणून चार खायच्या असं नाही, तिच्यातही पिष्ट आहेच. अन् सगळ्यात महत्त्वाचं, खायचा क्रम बदला: आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर अन् भाजी, मग डाळ-उसळ, शेवटी भाकर-भात. जेवण तेच, पण भाजीतला चोथा अन् डाळीचं प्रोटीन आधी पोटात गेलं की नंतरचा भात सावकाश पचतो अन् साखर एकदम चढत नाही. आई, तू पहिल्यांदा भाजीच वाढ, भाताचं पातेलं ओट्यावरच राहू दे, समोर असलं की घेतला जातो.

चहा राहील. गवती चहा टाकून, आलं टाकून, कसाही घ्या. पण तुमचे दिवसाचे चार कप अन् कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे झाले, जवळपास ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, बिस्किटं वेगळी. या आठवड्यात एक चमचा, पुढच्या आठवड्यात अर्धा, मग बिनसाखरेचा. मी असाच सोडला, पहिले काही दिवस तोंड वाकडं होतं, मग सवय होते. गुळाचा चहा सुरू केलात असं आई म्हणाली, बाबा गूळ पण साखरच आहे, रंग वेगळा आहे फक्त, रक्तात गेल्यावर तेच. मध पण तसाच. अन् दुकानातली शुगर फ्री मिठाई आणू नका, तिच्यात खवा-तूप सगळं असतंच.

तुमचे रविवारचे तर्री पोहे मी तोडणार नाहीये, ते मित्र अन् तो अंबाझरी तलावाचा फेरा तुम्हाला हवाच आहे. फक्त पोहेवाल्याला सांगा की पोहे अर्धे टाक अन् चणे डबल, वरून शेव नको. त्या प्लेटमधले चणेच तुमच्या कामाचे आहेत. घरी गोळाभात केला तर डाळीचे दोन गोळे जास्त घ्या, भात अर्धी वाटी, सोबत कढी. वडाभात मात्र कधीतरीच. संत्री आली की एक संत्रं सोलून खायचं, रस काढायचा नाही, रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते अन् चोथा जातो केराच्या टोपलीत. बाबा तुम्ही आम्हाला फोडी सोलून, वरची पांढरी साल काढून, बिया काढून हातात द्यायचे, दादाला एक अन् मला एक, अन् स्वतःसाठी काही उरायचंच नाही. आता स्वतःसाठी सोला, पांढऱ्या सालीसकट खा.

महालक्ष्म्यांचं मला माहीत आहे आई, तू त्याच काळजीत आहेस. पुरण होणार, नैवेद्य जसा असतो तसाच होणार, त्यात मी काही बोलणार नाही. बाबांनी आधी सोळा भाज्या, कटाची आमटी घ्यायची, मग एक पुरणपोळी, अन् त्या दिवशी भात नाही. एक पोळी मनापासून खावी, चोरून नाही, अन् आई तूही "एकाने काय होतं" म्हणून दुसरी टाकायची नाही. उरलेलं पुरण दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये नको, वाटून टाक शेजारी.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहून राहिली ते. बाबांसाठी वेगळं, बेचव, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असं काही शिजवायचं नाही. आई, तुझ्याही ताटात तेच. मी चौथीत होती तेव्हा मला कावीळ झाली होती आठवतं का, सक्करदऱ्याच्या घरी, तेव्हा बिनाफोडणीचं वरण अन् उकडलेला दुधीभोपळा माझ्या ताटात होता अन् मी रडायची. तर बाबा तुम्ही ऑफिसातून येऊन तेच जेवायला बसलात. दादा सांबारवडीसाठी हट्ट करायचा तर तुम्ही म्हणायचे, आपल्या घरी एकाचं पथ्य म्हणजे सगळ्यांचं पथ्य. मला बरं वाटेपर्यंत घरात मिरचीची फोडणी पडली नाही. तुमचं जेवण कोण वेगळं ठेवेल मग? मी इथे पुण्यात पण तेच खाऊन राहिली आहे, भाजी आधी, भाकर नंतर.

हे पण सांगून टाकते, पण आई लगेच फोन करू नको. बाबांचा रिपोर्ट आल्यावर मी माझी तपासणी केली, एचबीए१सी ५.९ आला. डायबेटीस नाही, त्याच्या आधीची पायरी आहे, ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटीस म्हणतात. अमेरिकेत २००२ मध्ये एक मोठा अभ्यास छापला होता, त्यात अशा काठावरच्या लोकांनी वजन थोडं उतरवलं अन् आठवड्याला १५० मिनिटं चालले तर डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, गोळीपेक्षा जास्त. मी चालायला लागलीय. मला बरं आहे, खरंच. पण आई, तुझी तपासणी शेवटची कधी झाली? या आठवड्यात करायची, उपाशीपोटी जा, बाबांसोबत जा.

पुण्याला या असं मी म्हणणार नाही, मला माहीत आहे बाबा तुमच्या मनात तीच धास्ती आहे. तुमचं घर, तुमचा पेपर, टेकडी गणपतीचा मंगळवार, सगळं जिथल्या तिथे राहणार. फक्त टेकडीवर फरशी तापते, उन्हाळ्यात मोजे घालून दर्शन घ्या, गच्चीवर अनवाणी जायचं नाही. साखर जास्त राहिली की पायाच्या संवेदना कमी होतात अन् चटका बसला तरी कळत नाही. रात्री झोपताना आईने तळपाय पाहायचे, बोटांच्या मधलं पण, रोज. जेवण झालं की लगेच खुर्ची नको, गल्लीतच पंधरा मिनिटं चक्कर मारा दोघं, पाऊस असला तर हॉलमध्ये.

मेटफॉर्मिनची गोळी जेवणानंतरच घ्यायची, सकाळ-संध्याकाळ, अन् साखर चांगली आली म्हणून मनाने बंद करायची नाही, कमी करायची असेल तर डॉक्टर सांगतील. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, ते विचारून तपासून घ्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अन् लघवीतल्या प्रोटीनची, दोन्ही वर्षातून एकदा, नंबर मी लावून देते. उपास बाबांनी करायचे नाहीत, आई तुझी एकादशी तू कर, पण तू पण साबुदाण्याऐवजी थोडी भगर अन् दाण्याची आमटी घे. फक्त मेटफॉर्मिनवर साखर फार खाली सहसा जात नाही, तरी कधी घाम सुटला, हात थरथरले, साखर मोजायच्या मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची अन् पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. तेव्हा साखर द्यायची, घाबरून बसायचं नाही.

मशीन शुक्रवारपर्यंत येईल. बोटाच्या अगदी टोकाला नको, बाजूला टोचा, कमी दुखतं. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, संत्रं सोललेल्या हाताने मोजलं तर भलताच आकडा येतो. आठवड्यातून दोन दिवस पुरे, एक उपाशीपोटी अन् एक जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी, आईने वहीत लिहायचं. रविवारी फोन करेन तेव्हा जो आकडा असेल तोच सांगा बाबा, मला बरं वाटावं म्हणून दहा-वीस कमी करून सांगू नका. जास्त आला तर मी काही म्हणणार नाही, आदल्या रात्री काय जेवलात तेवढं विचारेन अन् मग आपण दोघं मिळून पाहू काय बदलायचं ते.

तुमची,
गुड्डी

ता. क. ताईंना भाकरी पातळ थापायला सांगितलंय, आई तू त्यांच्या मागे उभी राहून "अशी नाही, तशी" करू नको, चार दिवस त्यांना त्यांच्या हाताने करू दे.