बाटलीच्या मागचेही वाचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील कोलेस्टेरॉलवरच्या लेखात गुग्गुळ, लसूण, हळद, दालचिनी सगळ्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारे म्हणून एकाच माळेत ओवले आहे. आमच्या इंदुरी ज्येष्ठ मंडळींना तेवढे निमित्त पुरते. (पोह्यांवर शेव आणि जिरावन मात्र कुणी कमी करत नाही.) माझ्या मेव्हण्यांनी डॉक्टरांना न विचारता स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी बंद केली आणि असल्याच कॅप्सूलची एक बाटली आणली. पुढे हे भले मोठे लाल हृदय. मागे भिंगाखाली धरल्यावर दिसते, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. म्हणजे औषध म्हणून वापरू नका, हे खुद्द विकणाराच सांगतो!

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी केलेली तुलना 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. 28 दिवसांत रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या अवघ्या 5 मिलिग्रॅमने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे 38 टक्के उतरले. लसूण, हळद, दालचिनीच्या कॅप्सूल औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. गुग्गुळावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत मोठे काम झाले, आपल्याकडच्या चाचण्यांत आशाही दिसली. पण 2003 मध्ये अमेरिकेतील चाचणीत एलडीएल किंचित वाढलेच, काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम ही रक्तदाब-हृदयाची औषधे चालू असतील, तर गुग्गुळाने त्यांचा असर घटू शकतो. हे लेखात यायला हवे होते.

आणि जे खरोखर थोडेफार काम करते, त्या इसबगोलाचे नावसुद्धा नाही! आपल्या नीमचच्या मंडीत त्याचे ढीग लागतात. भुसी पाण्यात टाकली की बघता बघता बुळबुळीत होते. पोटात हाच चिकटा पित्ताम्ले धरून बाहेर नेतो. नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज दहाएक ग्रॅमने एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरते. भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, इतर औषधांपासून दोन तास लांब. तरी गोळीची जागा ते घेत नाही.

लेखाखालीच तशाच कॅप्सूलची पाव पान जाहिरात होती. हृदयविकार बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून तिथे ‘हृदयाचा मित्र’ एवढेच लिहिलेले. निदान लेख आणि जाहिरात वेगवेगळ्या पानांवर ठेवता आल्या तर पाहावे.

आपला एक वाचक,
लोकमान्यनगर, इंदूर