न टोचलेल्या डोसचं प्रमाणपत्र: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

17 जुलैला देशाने कोरोना लसीकरणाचा 200 कोटींचा टप्पा ओलांडला. दिवसभर टीव्हीवर तेच चाललं होतं, आमच्या चौकातही फलक लागला. आपल्या खात्यातल्या माणसांनी दोन वर्षं जे कष्ट उपसले, ते मी जवळून पाहिलेत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्या 200 कोटींतला एक डोस माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या नावावर आहे, आणि तो तिला कधीच टोचलेला नाही. म्हणून हे पत्र.

2 जुलै, शनिवार, दुपारी सव्वातीन. मी पतसंस्थेत काउंटरवर होते. मोबाइलवर मेसेज आला: मुलीचं नाव, कॉर्बेव्हॅक्सचा दुसरा डोस यशस्वीरीत्या दिला, तारीख आजची. ती दोन दिवस तापाने घरी झोपून होती. माझ्या पोटात गोळाच आला. घरी फोन लावला, सासूबाईंना विचारलं, "आई, कोणी लसवाले आले होते का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, सकाळपासून दारसुद्धा उघडलं नाही." संध्याकाळी प्रमाणपत्र काढून पाहिलं. दुसऱ्या डोसची तारीख, बॅच नंबर, लस देणाऱ्या सिस्टरचं नाव, सगळं जागच्या जागी. फक्त माझ्या मुलीच्या दंडात काही गेलेलं नव्हतं.

साहेब, मी गेली चौदा वर्षं पावत्या फाडते. न आलेल्या पाचशे रुपयांची पावती मी फाडली, तर संध्याकाळी रोकड जुळणार नाही आणि दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. तुमच्या खात्यात लहान मुलांच्या अंगात काय गेलं याची नोंद होते, आणि ती संध्याकाळी कोणीच जुळवून पाहत नाही?

सोमवारी केंद्रावर गेले. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा वयाने माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "ताई, दुसरा ड्यू दाखवत होता, नजरचुकीने पडली असेल एंट्री. तुम्हाला काय त्रास आहे? शाळेत दाखवायला सर्टिफिकेट तर मिळालं ना!" त्याचा राग नाही आला. त्याला वरून रोज फोन येतो, किती झाले, किती राहिले. त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांनी माझं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि शब्द दिला, "आठ दिवसांत नोंद रद्द करून देतो." पोर्टलवर नोंद मागे घेण्याची सोय आहे, तिथेही मी अर्ज भरला. आज 29 जुलै. आठाचे पंचवीस दिवस झाले. नोंद तशीच आहे आणि अधिकारी आता फोन उचलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, दोन महिने उलटून गेले तरी मुलीला दुसरा डोस दिला का नाही? अठ्ठावीस दिवसांनी द्यायचा होता. बरोबर आहे. नाही दिला. तुमच्या भाषेत मी "संकोच करणारी पालक" आहे. हा शब्द वर्तमानपत्रात वाचला की मला चीड येते, कारण त्यापुढे हटकून येतं: गैरसमज, अफवा, अज्ञान, जनजागृतीची गरज.

मी जागी आहे, साहेब. माझ्या दोन्ही मुलांचं लसीकरण कार्ड आजही कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, एकही रकाना रिकामा नाही. 2018 मध्ये गोवर-रुबेलाच्या मोहिमेत आमच्या शाळेच्या पालकांत भलभलते मेसेज फिरत होते, तेव्हा मी स्वतः मुलीला घेऊन पहिल्या रांगेत उभी होते. तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण केली होती, ती पुसू नये म्हणून दोन दिवस हात धुवायला तयार नव्हती.

आणि कोरोनाच्या लसीचं म्हणाल, तर माझा भाऊ त्या लसीची वाट पाहत गेला. एप्रिल 2021. तो एक्केचाळीस वर्षांचा. 1 एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्यांना मिळत होती. अठरा ते चव्वेचाळीसचं 1 मेला सुरू होणार होतं, नाव नोंदवायचं म्हणून त्याने आधार कार्ड काढून ठेवलं होतं. 26 एप्रिलला तो गेला. चार रात्री आम्ही बेड शोधला, मग ऑक्सिजनचं सिलिंडर शोधलं, शेवटी खांदा द्यायला चार माणसं शोधली. वहिनीने त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. 12 मेला तर राज्यात त्या वयोगटाचं लसीकरणच थांबवलं गेलं, कारण लसच नव्हती. ज्या घराने हे सोसलंय, त्या घरातली बाई लसीला विरोध करेल? आम्हाला लस हवी होती तेव्हा तुमच्याकडे ती नव्हती. आता मी दोन प्रश्न विचारतेय, तर त्यांची उत्तरं तुमच्याकडे नाहीत.

बारा ते चौदाचं लसीकरण 16 मार्चला सुरू झालं. मुलीला जानेवारीच्या लाटेत कोरोना होऊन गेला होता, तीन महिने थांबायचं म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेतल्या शिबिरात पाठवलं. आदल्या दिवशी दप्तरातून संमतीपत्र आलं. अर्धं पान, चार ओळी, खाली सहीची जागा. आम्ही काही आयांनी वर्गशिक्षिकांना सांगितलं, सही करतो, पण आधी एखाद्या डॉक्टरांना बोलवा, अर्धा तास बोलू द्या. त्यांनी पालकसभा ठेवली. आम्ही रजा टाकून गेलो. पावणेदोन तास बाकावर बसलो. डॉक्टर आलेच नाहीत. शेवटी शिपायाने पेनं वाटली.

मी सही केली. हे मला अजून टोचतं.

लस घेतल्यावर मुलांना अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. माझ्या मुलीला दहा मिनिटं बसवलं, कारण खुर्च्या आठच होत्या आणि रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. ती जिना उतरताना चक्कर येऊन पडली. हनुवटीला तीन टाके पडले. मला फोन आला तो शाळेच्या रिक्षावाल्याचा. मी पोहोचले तेव्हा तिच्या पांढऱ्या शर्टावर रक्त होतं आणि ती मलाच विचारत होती, "आई, माझं हार्ट बंद पडणार आहे का?" हे तिने कुठून ऐकलं असेल, ते तुम्हाला माहीत आहे. मोबाइलवर ऐकलं. कारण दुसरं कोणीच तिच्याशी बोललं नव्हतं.

त्या चक्करेची नोंद झाली का? लसीनंतर काही त्रास झाला तर त्याची रीतसर नोंद करायची, त्यासाठी फॉर्म असतो, समित्या असतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एकाही माणसाने माझं नाव विचारलं नाही. तीन टाके पडले त्याची नोंद नाही, आणि न टोचलेल्या डोसची नोंद बॅच नंबरसकट आहे. आता मला सांगा, "गंभीर दुष्परिणाम अत्यल्प" असं तुमचं खातं म्हणतं, तेव्हा मी त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवू? कदाचित ते शंभर टक्के खरंही असेल. पण खरं खोटं ठरवायची माझ्याकडची एकमेव नोंद खोटी निघाली आहे.

नंतर आमच्या नात्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे मी मुलीला घेऊन गेले. त्यांनी वीस मिनिटांत जे सांगितलं, ते तुमच्या मोहिमेने चार महिन्यांत सांगितलं नव्हतं. सुईच्या भीतीने या वयातल्या मुलांना चक्कर येते, उपाशी असतील तर जास्तच, आणि म्हणूनच तो अर्धा तास महत्त्वाचा. हृदयाच्या सुजेची जी चर्चा आहे ती मुख्यतः फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लशींबद्दलची, तीही बहुतेक किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर, आणि तिथेही विरळ. आपल्याकडे मुलांना त्या लशी दिल्याच जात नाहीत. कॉर्बेव्हॅक्स प्रथिनावर आधारलेली आहे. विषाणूच्या काट्याचा एक छोटा तुकडा यीस्टमध्ये तयार करतात आणि तोच टोचतात, सबंध विषाणू त्यात नसतोच. हिपॅटायटिस बीची लस याच पद्धतीने बनते. "ती तर तिला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत दिली होती ना? मग?" डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हे एवढं साधं वाक्य त्या अर्ध्या पानावर का नव्हतं? मराठीत, ठळक अक्षरात?

केंद्रावरच्या एका सिस्टरनी मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. या लशीच्या एका व्हायलमध्ये वीस डोस असतात. वीस मुलं जमली नाहीत तर फोडलेली व्हायल वाया जाते आणि वर उत्तर द्यावं लागतं. म्हणून शाळांवर दट्ट्या, म्हणून पालकसभेला वेळ नाही. सिस्टरना दोष देऊ नका, त्यांचं नाव मी कुठेही लिहिणार नाही. उन्हातान्हात खोका खांद्याला लावून हिंडणाऱ्या या बायकांच्या जिवावरच तुमचे फलक लागतात. त्यांना टार्गेट मिळतं, पण पालकांशी बोलायला वेळ द्यावा हे कोणाला सुचत नाही.

जूनमध्ये शाळेचा मेसेज आला: दोन्ही डोसची प्रमाणपत्रं आणा, त्याशिवाय वर्गात बसता येणार नाही. 2 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. मुलांच्या लसीकरणाचं धोरण न्यायालयाने चुकीचं ठरवलं नाही, हेही मी मान्य करते. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की मुलांच्या लशींच्या चाचण्यांचे महत्त्वाचे निष्कर्ष लवकरात लवकर लोकांपुढे ठेवा, आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना पाहता येतील अशी व्यवस्था करा. या निकालाचं एक अक्षर आमच्या शाळेपर्यंत पोहोचलं नाही. सक्तीचा मेसेज मात्र बरोबर पोहोचला.

आणि ही सवय आजची नाही. 1897 साली पुण्यात प्लेग आवरायला गोरे सोजीर घराघरांत घुसले. रोगापेक्षा लोक त्या तपासणीला भ्याले, आजारी माणसं लपवू लागले. त्याच वर्षी, 10 जानेवारीला, मुंबईत हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग लोकांना घ्या म्हणाले. त्यांच्या नावाची संस्था आजही मुंबईत उभी आहे. पोलिओचंही तेच. डोस पाजून मुलं नपुंसक होतात अशी अफवा उत्तर प्रदेशात पसरली होती, लोक दारं लावून घेत. कार्यकर्त्या त्याच दारात पुन्हा पुन्हा गेल्या, गावातल्या मौलवींना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोबत घेऊन बसल्या. 13 जानेवारी 2011 नंतर देशात पोलिओच्या रानटी विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. हे याच देशाने करून दाखवलंय. मग आता आमच्या दारात बसायला तुम्हाला कमीपणा का वाटतो?

मला कळतं, तुम्हाला आकडे दाखवावे लागतात. वर दिल्ली आहे, समोर कॅमेरे आहेत. पण आमचं अख्खं सरकारी जगणं असंच होऊन बसलंय. रस्ता कागदावर होतो, शौचालय कागदावर होतं, पीक पाहणी बांधावर न जाता होते. आम्ही ते सगळं गिळत आलो. मुलांचं शरीर त्यात येईल असं वाटलं नव्हतं.

माझा धाकटा सात वर्षांचा आहे. 26 एप्रिलला पाच ते बारा वयाच्या मुलांसाठी कॉर्बेव्हॅक्सला आणि सहा ते बारासाठी कोव्हॅक्सिनला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. तीन महिने झाले, पुढे काय, कोणी बोलत नाही. घ्यायचीय की नाही? या वयाला आजार सहसा सौम्य असतो, मग फायदा किती? होऊन गेला असेल तर? दमा असलेल्या मुलाला आधी द्यावी का? माझ्या धाकट्याला दमा आहे, म्हणून विचारतेय. रात्री त्याची छाती वाजायला लागली की मी उठून बसते आणि भावाचा शेवटचा फोन आठवते. उद्या त्याची पाळी आली की पुन्हा अर्धं पान येईल. यावेळी मी पेन उघडणार नाही. समोर डॉक्टर बसलेले हवेत, तीस मिनिटं बसायला खुर्ची हवी, काही झालं तर फोन कोणाला करायचा तो नंबर कागदावर छापलेला हवा, आणि आपल्या राज्यात या वयाच्या किती मुलांना लस दिली, किती जणांना काय त्रास झाला, त्याचा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावलेला हवा. फलक लावायला पैसे आहेत, तर तक्त्यालाही असतील.

आणि खोट्या नोंदी किती आहेत ते तपासा. आमच्या गल्लीतच आणखी दोघींना असे मेसेज आलेत. त्यातली एक तर खूश आहे, काम न करता कागद मिळाला म्हणून. तिचा मुलगा आता सगळ्यांच्या लेखी सुरक्षित आहे. तो तसा नाही, हे फक्त तिला आणि मला माहीत आहे.

बालरोगतज्ज्ञांशी बोलल्यावर आमचं घरात ठरलं. मुलगीही तयार आहे, फक्त आडवं झोपवून द्या म्हणते. गेल्या आठवड्यात मी तिला घेऊन दुसऱ्या केंद्रावर गेले. तिने बाही वर केली होती. तिथल्या मॅडमनी नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचे दोन्ही झालेत. मला देता येणार नाही."

आम्ही परत आलो.

आपली,
दोन मुलांची आई
29 जुलै 2022