ओपेथचे वळण अचानक आलेले नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील रॉक संगीतावरच्या लेखात स्वीडनच्या ‘ओपेथ’ या बँडविषयी असे म्हटले आहे, की २०११ च्या ‘हेरिटेज’ या अल्बमपासून त्यांनी डेथ मेटल (रॉकचा अतिशय जड, घोगऱ्या गर्जनेचा प्रकार) सोडून जुन्या श्रोत्यांकडे पाठ फिरवली आणि २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’मध्ये चूक सुधारून ते स्वगृही परतले. गेली वीसहून अधिक वर्षे मी हा बँड मनापासून ऐकत आलो आहे आणि ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते.

या बँडचा पहिला अल्बम, ‘ऑर्किड’, १९९५ साली आला. त्यात घशाच्या तळातून काढलेला तो घोगरा ‘ग्राउल’ आहेच. पण त्याच अल्बममध्ये ‘सिल्हूट’ नावाची, केवळ पियानोवर वाजवलेली एक रचनाही आहे आणि ती वाजवणारा माणूस बँडचा ड्रमर, अँडर्स नॉर्डिन, आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘मॉर्निंगराइज’मधील ‘ब्लॅक रोझ इम्मॉर्टल’ हे गाणे सुमारे वीस मिनिटांचे आहे आणि त्यात गर्जना थांबून अकूस्टिक गिटार कधी सुरू झाली, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचे, संस्कार या मंडळींवर पहिल्यापासूनच होते.

‘डॅम्नेशन’ या अल्बमचा लेखात उल्लेखही नाही, याचे मला विशेष वाईट वाटले. इंग्लिश संगीतकार-निर्माते स्टीव्हन विल्सन यांच्या साथीने केलेल्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ला २००१ मध्ये मोठे यश मिळाल्यावर बँडने एकाच काळात दोन अल्बम ध्वनिमुद्रित केले : २००२ चा अतिशय जड ‘डिलिव्हरन्स’ आणि २००३ चा ‘डॅम्नेशन’, ज्यात ग्राउल औषधालाही नाही. मित्राने दिलेल्या सीडीवर मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्र झाली होती, कानाला हेडफोन होते आणि आता गर्जना येईल, मग येईल, अशी मी वाट पाहत होतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत ती वाट पाहणे आपोआप थांबले. त्या अल्बमवर मेलोट्रॉनची गडद सावली आहे. या कीबोर्डसारख्या वाद्यात प्रत्येक पट्टीमागे व्हायोलिन, बासरी किंवा कोरसचा आवाज मुद्रित केलेली टेपची एक फीत असते. पट्टी दाबली की फीत सरकू लागते, सुमारे आठ सेकंदांत संपते आणि बोट उचलले की स्प्रिंगने मागे जाते. त्यामुळे वादकाला सूर हवा तितका लांबवता येत नाही आणि फितीच्या किंचित डगमगण्याने त्या सुराला एक थरथर येते. २०११ मध्ये अनेकांना जे नवे वाटले, त्यातले बरेचसे इथे आठ वर्षे आधीच होते.

‘हेरिटेज’ निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यातील काही गाणी मध्येच तुटतात, तुकडे नीट जोडले जात नाहीत. २०१४ च्या ‘पेल कम्युनियन’मध्ये ही जोडणी कितीतरी सफाईदार झाली. परंतु ग्राउल सोडून दिला, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, कारण त्यानंतरच्या वर्षांतही मंचावर जुनी गाणी मूळ आवाजात होत होती. गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्ट यांचा गळा शाबूत होता. नव्या गाण्यांना त्या आवाजाची गरज नव्हती, एवढेच. २०१९ चा ‘इन कौडा वेनेनम’ तर त्यांनी आधी स्वीडिशमध्ये लिहिला आणि इंग्रजी आवृत्ती सोबत दिली. स्वतःच्या भाषेत गाताना त्यांच्या उच्चारांत जी सहजता येते, ती स्वीडिश न कळणाऱ्या माझ्यासारख्यालाही जाणवते.

आता २०२४ च्या अल्बमविषयी. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका श्रीमंत घरातील मुले मृत वडिलांचे मृत्युपत्र ऐकायला जमतात, अशी त्याची कथा आहे आणि ग्राउल हा प्रामुख्याने त्या वडिलांचा आवाज आहे. म्हणजे जो आवाज पूर्वी गाण्याचा पोत होता, तो आता एक पात्र झाला आहे. भोवती ‘जेथ्रो टल’ या जुन्या ब्रिटिश रॉक बँडच्या इअन अँडरसन यांचे निवेदन आणि बासरी आहे. मधल्या तेरा वर्षांत केलेल्या कामाशिवाय ही रचना सुचलीच नसती, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे तिला ‘परतणे’ म्हणणे म्हणजे ते सगळे काम पुसून टाकणे होय.

‘हेरिटेज’ची सुरुवातही एकट्या पियानोने होते, ती रचना स्वीडिश लोकगीते जॅझमध्ये आणणाऱ्या यान योहान्सन यांच्या प्रभावातून आलेली आहे. आपल्या लेखकांनी १९९५ चे ‘सिल्हूट’ आणि ही रचना लागोपाठ ऐकावी आणि पुढील लेखात या दोन्हींविषयी लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे