रात्री दोनची पाळी

नगर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तेव्हापासून ते पवित्र शास्त्रात घालून ठेवलंय आणि रोज काढून वाचतोय. उपासनेला जातोस, सगळ्यांबरोबर उभा राहतोस, गीतं म्हणतोस, पण आत काही हलत नाही, असं तू लिहिलंस. देव आहे हे मानतोस, पण तो तुझ्याजवळ आहे असं वाटत नाही. आणि शेवटी विचारलंस, बाबांच्या आजारपणात दीड वर्ष मी कसा टिकलो. फोनवर हे सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांची वाचा गेली, तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा आई आणि आमची ही बघायची, रात्रीची पाळी माझी. दहा, बारा, दोन, चार. गजर झाला की उठायचं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालायचा, पाठीशी उशी लावायची, चादरीची चुणी काढायची, ओली असेल तर बदलायची. पहिले काही महिने मी तेवढ्या वेळात प्रार्थना करायचो आणि मागणं एकच असायचं, बाबांना बरं कर. उपास केले, मंडळीत सगळ्यांना प्रार्थनेला सांगितलं, पाळकसाहेब कितीदा घरी येऊन गेले. बाबा बरे झाले नाहीत, ते तुला ठाऊक आहे.

आता जे लिहितोय ते मी आईलाही सांगितलेलं नाही. एका रात्री दोन वाजता मी चादर बदलली आणि ती लगेच पुन्हा ओली झाली. मी बाबांवर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहवत नाही. त्यांनी फक्त मान भिंतीकडे वळवली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. वाटत होतं, चप्पल घालावी आणि कुठेतरी निघून जावं.

तिथे मला बायबलमधलं १३९ वं स्तोत्र आठवलं. शब्बाथशाळेत, मुलांच्या त्या रविवारच्या धर्मवर्गात, आपण दोघांनी ते घडाघडा पाठ म्हटलं होतं ना? तेव्हा ते आपल्याला धीर देणारं स्तोत्र म्हणून शिकवलं होतं. पण दाविद राजा त्यात देवाला विचारतोय की तुझ्यापासून मी पळू कुठे. आकाशात चढलो तरी तू तिथे, अधोलोकात अंथरूण घातलं तरी तू तिथे. अंथरूण! इतकी वर्षं म्हणत आलो, पण हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. ज्या अंथरुणापासून मी उठून पळालो होतो, त्याच्या उशाशी देव बसलेला होता. मी आत गेलो, बाबांचे पाय धरले. त्यांचा डावा हात चालत होता, तो त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

देवाचं सान्निध्य मला असं कळलं, आणि आधी ते सोसवेना. आपला राग त्याच्यासमोर उघडा पडतो, लपवायला जागा उरत नाही. पण त्यातून केवढं मिळालं म्हणून सांगू! आमच्या घरात अबोला आठ-आठ दिवस चालायचा, तू पाहिलंयस. आता तो संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. ज्याच्याशी दिवसभर बोलतोय त्याच्यापुढे मन फुगवून कसं उभं राहायचं?

कारण त्या रात्रीनंतर मी देवाशी बोलायला लागलो. मागणं सुटलं नाही, पण त्याच्या आधी बोलणं आलं. प्रभू, हात भरून आलाय. प्रभू, बाहेर पाऊस लागलाय. आज बाबांनी दोन घास जास्त खाल्ले. कधी तर काहीच नाही, नुसतं त्या खोलीत तिघांनी असायचं. दोनचा गजर होण्याआधीच मला जाग यायला लागली. खरं सांगतो, बाबा गेल्यावर कितीतरी दिवस त्या वेळेला जाग यायची आणि मी उठून बसायचो. बाबा नव्हते, पण खोली रिकामी नव्हती.

पावसाळ्यानंतर मी केडगावला जाऊन आलो. आपल्या नगरचं नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी सात-आठ वर्षं लागली. त्या काळात त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं, आणि तरी आत ही तहान होतीच. हे वाचलं की मला तुझं पत्र आठवतं. तू स्वतःला बाहेरचा समजू नकोस. पुढे १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली. बाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी हातचं सोडलं नाही, ५ एप्रिल १९२२ ला स्वतः जाईपर्यंत. एवढ्या दुःखात त्या रोज सकाळी त्या कागदांपाशी कोणाच्या आधाराने बसत असतील, याबद्दल मला शंका नाही.

तू विचारशील, मग मी आता काय करू? जोर लावून प्रार्थना करू नकोस. बायबलमधला संदेष्टा एलिया आठव. झुडुपाखाली पडून तो म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेली देवाची ती मंद वाणी फार नंतरची.

पुढच्या शनिवारी दुपारच्या एसटीने ये. बाबांची खाट अजून ओट्याजवळच्या खोलीत आहे, त्यावर तुझं अंथरूण घालून ठेवतो. आई बाजरीची भाकरी करील. रविवारी उपासनेला जायचं की नाही ते उठल्यावर बघू. किती वाजता उठायचं तेही तूच ठरव, मी गजर लावणार नाही.

तुझाच,
जुना शब्बाथशाळेतला सोबती