छताखाली बसणाऱ्यांना कोणी विचारले का? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

विषय: महाविद्यालयांच्या इमारतींचे नूतनीकरण आणि आमच्या ग्रंथालयाचे कोसळलेले छत.

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

मी उत्तर गोव्यातल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल. उजवा खांदा बांधलेला असल्यामुळे हे पत्र मी सांगते आहे आणि माझी मुलगी टाइप करते आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चौकशी छताची होणार नाही, माझी होईल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाचे नूतनीकरण झाले. दारावर ‘आधुनिक अध्ययन केंद्र’ असा फलक लागला. काचेची पार्टिशन, चकचकीत लाद्या, जिप्समचे फॉल्स सीलिंग, चार एसी, एक स्मार्ट बोर्ड. खर्च सत्तर लाखांच्या घरात गेला असे ऐकतो. नेमका आकडा माहिती हक्काखाली मागितला, तर ‘माहितीचे संकलन सुरू आहे’ असे उत्तर आले. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, ती केव्हाच उलटली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माइकवरून सांगितले होते की आता पुढची वीस वर्षे या वास्तूकडे बघावे लागणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

काम सुरू होण्यापूर्वी मी लेखी कळवले होते की पश्चिमेच्या कोपऱ्यात गच्चीतून पाणी येते, आधी गच्ची करा आणि मग आतले काय ते करा. देखरेखीला आलेल्या अभियंत्याने सांगितले, “मॅडम, वॉटरप्रूफिंग या एस्टिमेटमध्ये नाही. ते वेगळे हेड.” आणि गळक्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग ठोकले गेले. त्याने गळती थांबली नाही, फक्त दिसेनाशी झाली. दोन पावसाळे पाणी वरच्या वर मुरत राहिले आणि आम्ही खाली निर्धास्त बसलो.

यंदा मृगाचा पाऊस जोरात लागला. सकाळचे तास सुरू होते, तेवढ्यात आमचा अटेंडंट ओरडला, “मॅडम, उदक आयलें!” मी संदर्भ विभागातल्या कपाटांवर प्लास्टिक ओढायला धावले. भिजून जड झालेले जिप्सम आणि त्यावर सुटून पडलेले काँक्रीट एकदमच खाली आले, ते माझ्या खांद्यावर. शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या दोन मुली रोज बसतात. त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या. आल्या असत्या, तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. तुम्हीच त्यांच्या घरी सांत्वनाला गेला असता.

पडलेला एक तुकडा आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी दवाखान्यात आणून मला दाखवला. त्याच्या एका अंगाला सळईची पन्हळ उमटली होती आणि ती पन्हळ तपकिरी होती. पाणी मुरते, सळईला गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि खालचा काँक्रीटचा थर ढकलून देते. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे सगळे आणखी लवकर होते. यात नवे काहीच नाही. प्रत्येक स्थापत्य अभियंत्याला हे पाठ असते. म्हणजे हे घडणार हे ठाऊक होते आणि तरीही त्यावर पांढरे छत ओढले गेले.

खांद्याचे हाड तडकले आहे. रात्री कूस बदलता येत नाही. केस मुलगी विंचरते, जेवण डाव्या हाताने. पण त्याआधीपासूनची गोष्ट सांगते. गेल्या वर्षापासून मला दमा सुरू झाला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, घरात ओल आहे का? घरात नाही हो, कामाच्या जागी आहे. पूर्वी आमच्या ग्रंथालयाला लाकडी झडपांच्या उंच खिडक्या होत्या आणि त्यांच्या वर झरोके होते. नूतनीकरणात त्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या. ही सरकती खिडकी जास्तीत जास्त अर्धीच उघडते. दर्शनी भाग गुळगुळीत दिसावा म्हणून वरचे छज्जेही तोडले, त्यामुळे पाऊस असला की ती अर्धीही उघडता येत नाही. मग दारे-खिडक्या बंद, एसी चालू. खोलीतला एसी तीच हवा फिरवत राहतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. वरून ओल, आत कोंडलेली हवा आणि एवढी माणसे. कपाटांच्या मागे काळी बुरशी चढली. मी ती स्वतः फडक्याने पुसत होते. पावसाळ्यात आमच्या भागात वीज जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. वीज गेली की त्या आधुनिक केंद्रात दहा मिनिटेही बसवत नाही, मुले बाहेर जिन्यावर जाऊन वाचतात.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, मी दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात कार्यालयाचे पत्र आले. भिजलेल्या पुस्तकांच्या नुकसानीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. तब्येत कशी आहे, हा एक शब्द त्यात नव्हता. ज्यांनी हे छत केले त्यांनाही असेच पत्र गेले आहे का, असे मी विचारले. तो विषय आपल्याकडे येत नाही, असे उत्तर मिळाले. महोदय, एवढी वर्षे पुस्तके सांभाळली, त्याचे हे फळ?

सुमारे चारशे पुस्तके भिजली. त्यात गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकातल्या मराठी नियतकालिकांचे बांधीव खंड होते. ओला कागद दोन दिवसांत सुकला नाही तर बुरशी धरतो. मी दवाखान्यात असताना अटेंडंटने आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पानापानांत कोरा न्यूजप्रिंट घालून, व्हरांड्यात पंखे लावून जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. लाल कापडी बांधणीचा रंग पानांवर उतरला तो उतरलाच. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना अशी चिकटली आहेत की आता ती कधीच उघडणार नाहीत. याच गोव्यात १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले, आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने पणजीत पाटोवर उभे आहे. पुस्तकांशी एवढे जुने नाते सांगणाऱ्या प्रदेशात ग्रंथपालाने प्लास्टिकची ताडपत्री घेऊन उभे राहायचे?

आता अध्ययनाचे बघू. २०२३-२४ पासून नवे शैक्षणिक धोरण पदवीला लागू झाले. विषयांची निवड वाढली, प्रकल्प आले, गटाने काम करणे आले, चार वर्षांची पदवी आली. खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. जी मुले चौथ्या वर्षाला थांबतील ती बसणार कुठे? आमच्या वर्गांत अजून लांबलचक बाके आहेत, जमिनीला पक्की केलेली. ‘गट करा’ म्हटले की पुढची मुले कमरेतून वळून मागच्यांशी बोलतात, आणि चाळीस मिनिटांनी पाठ धरून बाहेर पडतात. सुटी हलकी टेबले लागतात, एवढे साधे आहे ते. स्मार्ट बोर्डापेक्षा स्वस्त.

आमच्या केंद्रात गटचर्चेसाठी म्हणून काचेची खोली केली. काचेचे पार्टिशन वरच्या स्लॅबपर्यंत नेलेले नाही, फॉल्स सीलिंगपाशीच थांबते. त्यामुळे आतला प्रत्येक शब्द वाचनकक्षात ऐकू येतो आणि चकचकीत लाद्यांवरून घुमतो. चर्चा करणारे दबकून बोलतात आणि वाचणारे वैतागतात. लॅपटॉपची टेबले मधोमध ठेवली आणि प्लग सगळे भिंतीत. मुले एक्स्टेन्शनच्या वायरी लाद्यांवरून ओढतात, यंदा गळतीचे पाणी त्याच लाद्यांवर आले. स्मार्ट बोर्ड पश्चिमेच्या खिडक्यांसमोर बसवला. दुपारनंतर उजेडाने त्यावर काही दिसत नाही, म्हणून भर दिवसा पडदे ओढून दिवे लावतो. या खोलीत एक दिवस कोणी दुपारपर्यंत बसले असते, तर यातले एकही घडले नसते. पण आराखडा काढणारे आम्हाला भेटलेच नाहीत. आम्ही नकाशा पाहिला तो उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेवर.

आमच्याकडे चाकाच्या खुर्चीवरून येणारा एक विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी प्रवेशद्वाराशी रॅम्प केला. एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, हा नियम आहे. आमचे जोते अडीच फुटांचे, म्हणजे तीस फूट हवा. केला आठ-नऊ फुटांचा. दोन मित्र मागून ढकलतात तेव्हा तो वर येतो, आणि वर आल्यावर समोर जिना. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तो खालून चिठ्ठी पाठवतो, अटेंडंट पुस्तके घेऊन खाली जातो. कपाटासमोर उभे राहून पुस्तके चाळणे, एक शोधताना दुसरे सापडणे, हे त्याने तीन वर्षांत एकदाही अनुभवलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा या मुलांसाठी ठेवल्या आहेत. २०१७ मध्ये नियम आले आणि पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करा असे बंधन आले. ती मुदत २०२२ मध्ये संपली. कोणाला नोटीस गेली? सात दिवसांत खुलासा कोणाकडून मागितला?

हा फक्त आमच्या इमारतीचा प्रश्न असता तर मी प्राचार्यांच्या पायऱ्या झिजवत बसले असते. पण सगळीकडे हीच तऱ्हा आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घडवलेल्या पणजीच्या कला अकादमीचे काय झाले ते साऱ्या गोव्याने पाहिले. कोट्यवधींचे नूतनीकरण चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. रात्रीची वेळ होती म्हणून माणसे वाचली. तिथे निदान कलावंतांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी पाने भरली. महाविद्यालयाच्या छतासाठी कोण आवाज उठवणार? आमचे कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. ज्याची पुढच्या सत्राची नेमणूक पक्की नाही, तो गळतीची तक्रार लेखी देईल? मुले तीन वर्षांत निघून जातात. शिपाई बादल्या ठेवतो, आणि महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले की उचलतो. समितीच्या निकषांत पायाभूत सुविधा आहेत, म्हणून रंग लागतो, कुंड्या येतात, ओलीवर पोस्टर चिकटते.

पैसा नाही असे मला सांगू नका. २०१३ मध्ये उच्च शिक्षणाला निधी देणारी केंद्राची योजना रुसा आली, २०२३ मध्ये तिचे नाव पीएम-उषा झाले. केंद्र साठ टक्के देते, राज्य चाळीस. नव्या बांधकामाला पैसा मिळतो, उपकरणांना मिळतो. देखभालीला मिळत नाही, कारण गच्चीची चीर बुजवली म्हणून कोनशिला बसवता येत नाही. निविदा सर्वांत कमी दराला जाते. कमी दरात जे दिसत नाही ते आधी कापले जाते: वॉटरप्रूफिंग, पाण्याचा उतार, पन्हळी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात आपण सपाट गच्च्या बांधतो, त्या गळू लागल्या की वर पत्र्याची शेड चढवतो, आणि मग त्या पत्र्यावरच्या पावसात शिक्षकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. आपल्या आजोबांच्या घरांना चिऱ्यांच्या जाड भिंती होत्या, उतरती कौले होती, भिंतीपासून दूर आलेली वळचण होती, उजेडाला आणि हवेला राजांगण होते. ती घरे बांधणाऱ्यांना पाऊस कुठून येतो हे माहीत होते. आल्तिनोवर आपलेच गोवा वास्तुकला महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना एक पावसाळा आमच्या इमारतीत फिरवले असते, तरी चार गोष्टी कळल्या असत्या.

माझे मागणे फार मोठे नाही. ठेकेदाराची दोषदुरुस्तीची मुदत संपली की नाही ते आधी जाहीर करा, आणि संपली नसेल तर ही गच्ची त्याच्याकडून करून घ्या. सर्व सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांचे स्ट्रक्चरल ऑडिट करा आणि अहवाल कपाटात न ठेवता प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावा. गच्ची कोरडी असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय आतल्या कामाचा एक रुपया सोडू नका. आराखडा पक्का होण्यापूर्वी त्या खोलीत शिकवणारे, शिकणारे, झाडणारे आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे यांना समोर बसवा, त्यांच्या सह्या घ्या, आणि त्यांचे ऐकले नसेल तर का ऐकले नाही ते लिहून द्या. देखभालीसाठी दर वर्षी वेगळी रक्कम ठेवा आणि ती पावसापूर्वी, एप्रिल-मेमध्ये खर्च करायला लावा.

आणि मला आलेली ती नोटीस मागे घ्यायला सांगा. हे मी माझ्यासाठीच मागते आहे. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. दर वर्षी आम्हाला गुलाबाचे फूल आणि शुभेच्छापत्र मिळते. यंदा ते नको, लेखी आदेश हवा.

आपण पाहणीला यावे अशी विनंती आहे, पण येताना आधी कळवू नका. कळवले की रंगाचे डबे येतात. उघडीप असताना येऊ नका. पाऊस पडत असताना या, अभियंत्याला बरोबर घ्या आणि आधी गच्चीवर चढा, मग खाली वाचनकक्षात. मी रजेवर आहे. अटेंडंट तुम्हाला सगळे दाखवील, मात्र त्याने काही सांगितले म्हणून त्याची बदली होणार नाही एवढा शब्द जाण्यापूर्वी त्याला द्या.

आपली,
उत्तर गोव्यातील एक ग्रंथपाल