आगमन काळापासूनच्या दैनिक चिंतनाबाबत सूचना

ठाण्यातील आपल्या शास्त्रपाठ चिंतन गटाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवार, दिनांक २९ नोव्हेंबर २०२६ रोजी आगमन काळ (नाताळापूर्वीचा तयारीचा काळ) सुरू होत असून त्या दिवसापासून रविवारच्या मिस्सासाठी (चर्चमधील मुख्य उपासनेसाठी) ‘ब’ वर्षाची, म्हणजे तीन वर्षांच्या वाचनचक्रातील दुसऱ्या वर्षाची, वाचने लागू होतील. हे वर्ष संत मार्कचे आहे, म्हणजे या वर्षी रविवारी मुख्यतः त्याचे शुभवर्तमान (बायबलमधील येशूचे चरित्र) वाचले जाते. मात्र त्याचे शुभवर्तमान सर्वांत लहान असल्याने जुलै-ऑगस्टमधील काही रविवारी संत योहानाचा सहावा अध्याय, म्हणजे जीवनाच्या भाकरीचा उतारा येतो, आणि तो सलग वाचावा अशी आग्रहाची विनंती आहे. आगमन काळाच्या पहिल्या रविवारच्या मार्क १३:३३-३७ मध्ये परगावी निघालेला घरधनी द्वारपाळाला जागे राहण्यास बजावतो. चिंतन त्यावरच केंद्रित ठेवावे. अनेक सभासद पहाटेच्या लोकलमध्ये वाचत असल्याने, ज्यांची चिंतन लिहिण्याची पाळी असेल त्यांनी मजकूर आदल्या रात्रीच पाठवावा.