काकूंचा सोडा

प्रिय सुध्या,

सात महिने पत्र नाही, फोनही दोनदा तूच केलास. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे ठीक, माझा गुडघा सोडून.

काकूंचं सांगायचंय. त्याच, तुझ्या पोह्यांवर मूठभर खोबरं टाकणाऱ्या. मार्चमध्ये त्यांना उन्हाळी लागली. मी नेहमीच्या गोळ्या दिल्या, धण्याचं पाणी प्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अरे, लघवीला बसलं की सोड्याची बाटली फोडल्यासारखं फसफसतं, मधेच हवा सुटते." आणि मी हसलो! 26 वर्षं दवाखाना चालवणारा माणूस! वर विचारलं, "गॅसेसची गोळी देऊ?"

पाचव्या दिवशी ताप, लघवी लाल, ओटीपोटाला हात लावू देईनात, साखर 412. शहरात हलवलं. एक्स-रेत मूत्राशयाभोवती काळी कड, पेन्सिलीने गिरवल्यासारखी. सीटीत तर पिशवीच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे, मण्यांची माळ जशी. एम्फायसेमॅटस सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीत वायू धरणारा जंतुसंसर्ग. आतड्यातून मूत्राशयात वाट पडलेली नाही, किडनीत हवा नाही, हेही त्यातच कळलं. किडनीत असती तर जिवावरच बेतलं असतं. लघवीच्या कल्चरमध्ये कोण, तर आपला जुना जंतू, ई. कोलाय. साखर खायची, आंबवायची, वायू सोडायचा. इडलीच्या पिठातलाच प्रकार. मधुमेही बाई, वय 71, सगळं पुस्तकाबरहुकूम. पुस्तक मीच मिटून बसलेलो.

शिरेतून अँटिबायोटिक, लघवीची नळी, इन्सुलिन. ऑपरेशनची वेळ आली नाही. बाराव्या दिवशी नळी निघाली. आता ओट्यावर बसून मलाच पथ्यं सांगतात.

वॉर्डात आपण आठवडाभर बोलत नव्हतो, आठवतं? तू म्हणाला होतास, "तुला पेशंटचं वाक्य संपेपर्यंत दम निघत नाही." मी उलट तुझ्या मेसच्या थकबाकीवर घसरलो. (ती अजून बाकी आहे, बरं का.) परवा काकूंची माफी मागायला गेलो, तर म्हणतात, "तू हसलास ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, काही घाबरण्यासारखं नसणार."

तेव्हापासून झोप नाही रे. तूच सांग, हे दुसऱ्या कुणाला सांगू?

मनूचं लग्न ठरल्याचं कळलं, छान झालं. वहिनींना नमस्कार. दिवाळीत येतोयस ना? काकूंनी नारळ मोजून ठेवलेत.

तुझा,
बाळ्या